दर डुबकीचा खर्च

जेवणाच्या सुट्टीत आमच्या कँटीनमध्ये जगातले यच्चयावत प्रश्न निकालात निघतात. आमटी पातळ का, हा एकच तेवढा प्रलंबित राहतो, कारण त्याचं उत्तर ज्यानं द्यायचं तो त्या वेळी आमटी वाढत असतो. कंपनी कागल पंचतारांकित एमआयडीसीतली, धंदा ओतकामाचा. पत्ता ऐकून मुंबईचे एक पाव्हणे पिशवीत टॉवेल आणि पोहण्याची चड्डी घालून आले होते. त्यांना फर्नेस दाखवली, चहा पाजला आणि संध्याकाळच्या गाडीत बसवून दिलं. परवाचा विषय नेमका त्यांच्याच आवडीचा निघाला. महापालिकेनं पोहण्याचा तलाव तोटा सोसून चालवत राहावा, की सरळ कुलूप लावावं?

विषय काढला कॉस्टिंगच्या साहेबांनी. साहेब माणूस सज्जन, पण समोर दिसेल त्याला कशानं तरी भागल्याशिवाय त्यांना घास उतरत नाही. लग्नाला गेले तरी मांडवाचा खर्च भागिले आलेली माणसं करतात, आणि आकडा मोठा आला की वसुलीसाठी जिलेबी दोनदा घेतात. त्यांनी जॉब कार्डाच्या पाठीवर तलाव मांडला. पाणी, पाणी फिरवणारे पंप, पंपांची वीज, फिल्टर, क्लोरीन, तुरटी, जीवरक्षक, पहारेकरी, फरशीवरून कुणी घसरला तर लागणारं आयोडीन. दुसऱ्या बाजूला तिकीट आणि पास. मग पावसाळ्याचे महिने वजा केले, परीक्षेचे दिवस वजा केले, दहावीला बसलेली पोरं वजा केली, आणि उरलेल्या माणसांनी खर्चाला भागून एक आकडा काढून त्याच्याभोवती गोल केला.

"दर डुबकी खर्च," साहेब म्हणाले. "एवढ्यात माणसाला घरी महिनाभर गरम पाण्यानं आंघोळ घालता येईल. बंद करा."

आमचे मोल्डिंगचे फोरमन, ज्यांना सिक्युरिटीपासून एमडींपर्यंत सगळे मामाच म्हणतात, भाकरी मोडता मोडता थांबले. "सायेब, डुबकी मारून वर आलेलं पोरगं कुठल्या खात्यात धरलं तुमी?"

"पोरगं इनपुट आहे, मामा. आत जाताना एक, बाहेर येताना एक. व्हॅल्यू अॅडिशन शून्य."

"आत जाताना बुडणारं हुतं, भाईर येताना तरंगणारं झालं की! आमच्या कास्टिंगला येवडी अॅडिशन झाली असती तर तुमी इन्क्रिमेंट लावून घेतलं असतं."

साहेबांनी कार्डावर कोपऱ्यात बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं. कॉस्टिंगच्या माणसानं हार मानली की तो 'इतर' या मथळ्याखाली नोंद करतो.

मामांना एवढ्यावर थांबायचं नव्हतं. त्यांनी एकदम १९५२ गाठलं. खाशाबा जाधवांना हेलसिंकीच्या ऑलिंपिकला पाठवायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट कोल्हापुरात पोराला बाळगुटीबरोबर पाजतात. खाशाबा ब्राँझपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. "घर गहाण टाकताना खर्डेकर सरांनी दर डाव खर्च काढला हुता का?" मामांनी विचारलं. आता खर्डेकर सर हा कोल्हापुरात हुकमाचा एक्का आहे. तो पडला की समोरच्यानं पानं खाली ठेवायची असतात. पण साहेब पडले सांगली जिल्ह्यातले. ते म्हणाले, "घर त्यांचं स्वतःचं होतं, मामा. महापालिकेचं नव्हतं."

मुद्दा बिनतोड होता. टेबल गप्प झालं. मला तर वाटतं, सार्वजनिक खर्चावर गेल्या शंभर वर्षांत झालेल्या सगळ्या भांडणांचा गाभा त्या एका वाक्यात आला. पण तेवढ्यात टूलरूममधल्या अॅप्रेंटिस पोरानं ताक मागितलं आणि गाभा निसटला.

खरं सांगायचं तर पूर्वी कोल्हापुरात दर डुबकी खर्च हा प्रकारच नव्हता. रंकाळा होता, कोटीतीर्थ होतं, पंचगंगा होती आणि ज्याची नाही त्याची विहीर होती. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा आणि काकानं मागून ढकलायचं, हा संपूर्ण अभ्यासक्रम. फी नाही, पास नाही, जीवरक्षक म्हणजे ढकलणारा काकाच. विहिरीला उद्घाटन नसतं, त्यामुळं बंद व्हायची भीती नसते. आमच्या मामांच्या पिढीतल्या कुणालाही 'पोहायला कुठं शिकलात' म्हणून विचारा, ते गावाचं नाव सांगत नाहीत, विहिरीच्या मालकाचं सांगतात आणि पुढं 'लई शिव्या द्यायचा' असं जोडतात.

मग शहरातलं सांडपाणी पंचगंगेत जाऊ लागलं, रंकाळ्यावर जलपर्णीचं रान माजलं, नदीच्या प्रदूषणाचे खटले हायकोर्टापर्यंत गेले. फुकटची सोय अशी बंद झाली. त्यावर कुणी ठराव मांडला नाही, कुणी सूचक नव्हता, कुणी अनुमोदक नव्हता. आणि मग आपण फरशा बसवून, कुंपण घालून, क्लोरीन टाकून पोहण्यालायक पाणी विकत घेऊ लागलो. साहेबांच्या कार्डावर हा खर्च तलावाच्या नावे पडलाय. मी तसं म्हटलं, तर मामा म्हणाले, "मग नदीच्या नावं टाका." कंपनीचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या ईटीपीच्या सुपरवायझरांनी मान खाली घालून आमटीत बटाटा शोधायला सुरुवात केली. आमटीत बटाटा नव्हता, हे त्यांनाही माहीत होतं.

आता मूळ प्रश्नाकडं येऊ. शहरानं खर्चिक सोय बंद करावी का? हा प्रश्न ज्यांना पडतो ती शहरं भाग्यवान. इंग्लंडात विजेचे आणि गॅसचे दर कडाडले तेव्हा गावोगावच्या कौन्सिलांनी तलावांचे हिशेब लोकांपुढं मांडले, लोक सभेला आले, भांडले, काही तलाव बंद झाले, काही वाचले. डेव्हनमधल्या एक्समथ गावानं तर २०२३ मध्ये वॉशिंग मशीनएवढं एक छोटं डेटा सेंटर तलावाशेजारी बसवलं आणि कॉम्प्युटरच्या उष्णतेवर पाणी गरम केलं. हे ऐकून आमचे मेल्टिंगवाले खदाखदा हसले. त्यांच्या मते आमच्या एका फर्नेसच्या वाफेवर अख्खं इंग्लंड सहकुटुंब पोहेल.

आपल्याकडं मात्र सोय बंद करा असा ठराव कधी येत नाही, कारण त्यात नगरसेवकाचं नाव लागतं. आपल्याकडची प्रत्येक सोय 'दुरुस्तीसाठी बंद' होते. पाटी सुबक असते, अक्षर वळणदार असतं, खाली 'हुकमावरून' असतं. तारीख तेवढी नसते. पहिल्या आठवड्यात पासधारक येऊन विचारतात, पहारेकरी 'आठ दिवसांत' म्हणतो. दुसऱ्या आठवड्यातही तो तेच म्हणतो, आणि ते तेवढंच खरं असतं. पंपाची मोटर जळालेली असते. मोटर भरून आणायची तर तीन कोटेशनं लागतात. दोन येतात. तिसऱ्यासाठी फाइल थांबते.

इथं मला, ओतकामातला माणूस म्हणून, खरोखर गंमत वाटते. या जिल्ह्यात शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल मिळून देशभरच्या ट्रकांना, ट्रॅक्टरांना आणि इंजिनांना कास्टिंग पुरवतात. उद्यमनगरात सकाळी तुटका पार्ट घेऊन गेलात तर चहा पिऊन होईपर्यंत तसाच दुसरा हातात मिळतो, वर 'मूळ कंपनीपेक्षा भारी केलाय बघा' असा दाखलाही मिळतो. त्या गावात पाणी उपसायच्या पंपाचा एक इम्पेलर मिळत नाही म्हणून तलाव कोरडा पडू शकतो, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटायचं नाही. आतल्याला सांगावं लागत नाही.

कोरडा पडलेला तलाव मात्र वाया जात नाही, हे साहेबांच्या लक्षात आणून द्यायला हवं. उथळ बाजूला पोरांची क्रिकेटची पिच होते, खोल बाजूला गेलेला चेंडू फोर धरतात. भिंतीची फरशी उन्हानं तापते, तिच्यावर पहारेकऱ्याच्या घरच्या सांडग्या मिरच्या वाळतात. कपडे बदलायच्या खोलीत गेल्या निवडणुकीचे बाक येऊन बसतात. पाणी नाही, वीज नाही, क्लोरीन नाही. खर्च फक्त पहारेकऱ्याचा, आणि उपभोग घेणारी माणसं पहिल्यापेक्षा जास्त. साहेबांनी आकडा काढला तर दर डोई खर्च निम्म्यावर येईल. कॉस्टिंगच्या दृष्टीनं तलावाची सर्वांत किफायतशीर अवस्था ही.

आणि उलटा प्रकारही आपल्याकडं आहे. काही तलावांवर बंद व्हायची पाळीच येत नाही, कारण ते धड चालूच होत नाहीत. रेसकोर्स नाक्याजवळच्या विभागीय क्रीडा संकुलातला तलाव बांधून झाल्यावरही वर्षानुवर्षं पोहणाऱ्यांची वाट बघत राहिला. ज्या शहरानं वीरधवल खाडेसारखा पोहणारा दिला, २००८ मध्ये बीजिंगच्या ऑलिंपिकला उतरलेला आणि २०१० मध्ये आशियाई स्पर्धेत ब्राँझ मिळवलेला, त्या शहराची ही गोष्ट. तरी पोरं पोहतातच. कोल्हापूरकराला सोय नसली की चेव येतो.

एव्हाना विषय पेंग्विनवर गेला. तो जाणारच होता. मे महिन्यात फर्नेसपुढं उभं राहून आलेल्या माणसाला पेंग्विनचा राग येणं नैसर्गिक आहे. २०१६ च्या जुलैत मुंबईच्या राणीच्या बागेत दक्षिण कोरियाहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले. मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. त्यांच्यासाठी सोळा-अठरा अंशांची खोली. २०१७ च्या मार्चमध्ये ते लोकांना दिसू लागले आणि त्याच वर्षी बागेचं तिकीट पाच रुपयांवरून पन्नासवर गेलं. २०२१ मध्ये तीन वर्षांच्या देखभालीसाठी सुमारे १५ कोटींची निविदा निघाली तेव्हा केवढा गदारोळ झाला! महापालिकेचं म्हणणं, गर्दी वाढली, उत्पन्न वाढलं. विरोधकांचं म्हणणं, एवढ्यात काय काय झालं असतं. मेल्टिंगचा एक गडी म्हणाला, "अठरा डिग्री? आमाला अठ्ठावीस द्या, आमी पण काळा कोट घालून डुलत चालून दावतो. तिकीट लावा."

पण राणीच्या बागेच्या या प्रकरणात मला एक गोष्ट दिसते, आणि ती साहेबांच्या आकडेमोडीच्या बरोबर उलटी आहे. जी सोय फार महाग, ती बंद होत नाही. तिला करार असतो, कोनशिला असते, विरोधक असतात, म्हणजे रोज तिची कुणीतरी आठवण काढत असतं. मरते ती स्वस्तातली. गल्लीतल्या बागेतला झोपाळा साखळीची एक कडी तुटली म्हणून वर गुंडाळून ठेवतात, तो कायमचा. वाचनालय बाई रिटायर झाल्या म्हणून दुपारचं बंद होतं. यातल्या कशावर कधी अग्रलेख आला नाही. एका पेंग्विनच्या एका दिवसाच्या थंडाव्यात किती कड्या येतील, हा हिशेब मी साहेबांना करायला सांगितला. त्यांनी लगेच पेन काढलं. भागाकार म्हटलं की त्यांना पक्ष नसतो.

मामा यात नव्हते. त्यांची गाडी शाहू महाराजांवर आली होती. कागलात शाहू महाराजांवर गाडी आल्याशिवाय कुठलीही चर्चा पुरी होत नाही, कारण महाराज मूळचे कागलच्या घाटगे घराण्यातले, म्हणजे आमचे. कोल्हापूरला दत्तक गेले, एवढंच. १९०२ मध्ये महाराज विलायतेला गेले, येता-जाता रोमचं कलोसियम पाहिलं, आणि परत येऊन १९१२ पर्यंत खासबागेत कुस्त्यांचं मैदान उभं केलं. बशीसारखं खोलगट, कुठंही बसा, हौदा दिसतो. शेजारी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर पुरं झालं, तेच आजचं केशवराव भोसले नाट्यगृह.

आता त्या वेळी आमचे साहेब दरबारात असते तर? मी डोळ्यांपुढं आणून बघतो. साहेब पागोटं घालून उभे आहेत, हातात जॉब कार्ड. 'महाराज, कुस्त्या वर्षातून मोजक्या. बाकीचे दिवस मैदान रिकामं. दर चितपट खर्च असा असा येतो. त्यातून हौद्याच्या लाल मातीत तूप, ताक, हळद घालायची म्हणतात, ते मटेरियल कन्झम्प्शन मी कशात दाखवू?' महाराजांनी काय केलं असतं, हे मला ठाऊक नाही, पण त्यांची उंची आणि छाती फोटोत पाहिली आहे. साहेबांनी 'इतर' मध्ये नोंद केली असती. आणि हेही खरं, की त्याच सुमाराला महाराजांनी राधानगरीच्या धरणाचं काम हाती घेतलं होतं. म्हणजे 'आधी पाणी द्या, मग कुस्त्या' असं म्हणायची सोय विरोधकांना नव्हती. हा मुत्सद्दीपणा नंतरच्या लोकांनी अर्धाच उचलला.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री जे लोक तिथं रस्त्यावर उभे होते त्यांतल्या कितीजणांनी वर्षभरात नाटकाचं तिकीट काढलं होतं, हे विचारायची कुणाची छाती झाली नसती. आमच्या सेकंड शिफ्टचे दोघे डबा घेऊन घरी जाताना तसेच तिकडं गेले. त्यांनी आयुष्यात एकच नाटक पाहिलं होतं, तेही शाळेतून फुकट नेलं म्हणून. तरी ते पहाटेपर्यंत उभे होते. साहेबांना मी हे सांगितलं तेव्हा ते जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "या उभं राहण्याला काय म्हणायचं? उत्पन्नात तर धरता येत नाही." मामा म्हणाले, "खर्चात बी धरू नका म्हंजे झालं."

सुट्टी संपायला पाच मिनिटं उरली होती. अॅप्रेंटिस पोरगं इतका वेळ गप्प होतं. त्याला आमच्या चर्चेतलं एकच कळलं होतं. "साहेब," त्यानं विचारलं, "फायर हायड्रंटची टाकी आपल्या कंपनीत हाय न्हवं? मागं, स्क्रॅप यार्डाशेजारी? ती किती लिटरची?"

टाकी काही लाख लिटरची आहे. नियमानं ठेवावी लागते. भरलेली असते, दर आठवड्याला पंप सुरू करून बघतात, गाळ काढतात, ती कधीच वापरात आलेली नाही आणि येऊ नये अशी सगळ्यांची प्रार्थना आहे. तिचा दर डोई खर्च साहेबांनी कधी काढला नव्हता. पोरानं सहज विचारलं, "मग ती तोट्यात न्हाई?" साहेबांनी घड्याळ बघितलं.

गोष्ट तिथंच मिटली असती. पण बातमी एचआरला गेली. टाकीत कुणी पोहलेलं नव्हतं, पोहायचा विचारही त्या पोराखेरीज कुणाच्या डोक्यात आला नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीच्या शिडीपाशी लाल अक्षरांत पाटी लागली : 'या टाकीत पोहण्यास सक्त मनाई आहे.' दुपारपर्यंत तिन्ही शिफ्टच्या साडेतीनशे माणसांना कळलं की कंपनीत पोहता येईल एवढी टाकी आहे. टाकी बघायला रांग लागली. कुणी खोली विचारू लागलं, कुणी पाणी गार आहे का ते. एका ड्रायव्हरनं महिन्याचा पास आहे का म्हणून चौकशी केली. शेवटी गर्दी आवरेना म्हणून तिथं दिवसपाळी आणि रातपाळी असे दोन सिक्युरिटी गार्ड बसवले.

महिनाअखेरीला त्या दोघांचा पगार कुठल्या हेडखाली टाकायचा, यावर अकाउंट्सचं अडलं. साहेबांना बोलावणं गेलं. साहेबांनी कागद बघितला, पेन काढलं, जरा विचार केला आणि लिहिलं : कामगार कल्याण, करमणूक.